रॉक-पॉपचं दिनविशेष कॅलेंडर: जरूर घ्या, पण मुंबईच्या तारखा कुठे आहेत?

टेबलावर उभं ठेवायचं आणि रोज एक पान उलटायचं, असं हे कॅलेंडर आहे. पानांवर वार नाहीत, नुसत्या तारखा आहेत. त्यामुळे ते कोणत्याही वर्षी चालतं आणि २९ फेब्रुवारीलाही त्यात जागा मिळाली आहे. त्या तारखेला रॉक किंवा पॉप संगीतात काय घडलं ते प्रत्येक पानावर मराठीत, आठ-दहा ओळींत सांगितलंय. पानं ३६६, किंमत साडेसातशे रुपये. उपनगरातल्या एका छोट्या प्रकाशनाने काढलंय. दुकानांत फारसं दिसत नाही, फोन करून मागवावं लागतं.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं वाचते. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे दिवाळी अंक, पंचांगं आणि कॅलेंडरं यांची रीघ लागते आणि दिनविशेषाची पानं बहुतेक माझ्याच टेबलावर येतात. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, साल बरोबर आहे का, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रॉक ऐकायला लागले ते शाळेत असताना, मोठ्या भावाच्या कॅसेटींमुळे. माझं काम आणि माझी आवड अशी एकाच पानावर येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून हे परीक्षण थोडं लांबणार आहे.

निकाल आधीच सांगते: घ्या. मजकूर चांगला आहे, काही पानं तर फारच चांगली आहेत. पण एक मोठी उणीव आहे आणि ती मला मनापासून खटकली. हे कॅलेंडर मुंबईत लिहिलं गेलं, मुंबईत छापलं गेलं आणि मराठीत आलं, तरी रॉकच्या इतिहासात या शहराचा जो हात आहे तो त्यात जवळजवळ दिसतच नाही.

आधी चांगल्याबद्दल. ५ जुलैचं पान काढा. १९५४ साल, मेम्फिसमधला सन स्टुडिओ. एल्विस प्रेस्ली एकोणीस वर्षांचा, पोटासाठी ट्रक चालवणारा. सोबत गिटारवर स्कॉटी मूर आणि बेसवर बिल ब्लॅक. संध्याकाळभर संथ गाणी गाऊन झाली, एकही जमेना. मध्ये जरा थांबले असताना एल्विस एक जुनं ब्लूज गाणं मोकाट गायला लागला, बाकीचे दोघेही त्यात शिरले. पलीकडे बसलेल्या स्टुडिओमालक सॅम फिलिप्सने विचारलं, हे काय चाललंय? आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. पान इथेच संपतं. त्या दिवसाने जग कसं बदललं वगैरे एक ओळ नाही. माझ्या हातून दरवर्षी जाणाऱ्या दिनविशेषात ‘थोर’, ‘महान’, ‘अजरामर’ यांचा इतका सडा असतो की असं कोरडं, नेमकं पान वाचून मला लिहिणाऱ्याचा हात धरावासा वाटला. त्याच पानाच्या तळाला चौकटीत आणखी दोन ५ जुलै आहेत. १९६९ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सचा विनामूल्य कार्यक्रम झाला, त्यांचा जुना साथी ब्रायन जोन्स दोनच दिवसांपूर्वी गेलेला असताना. आणि २०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, मूळचे चौघेही एकत्र. ऑझी ऑस्बर्न उभा राहू शकत नव्हता, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला आणि २२ जुलैला गेला. तीन वेगवेगळी वर्षं एका तारखेखाली अशी शेजारी ठेवली की वाचणारा आपोआप जोडत जातो, त्याला ढोसावं लागत नाही.

ब्लॅक सॅबथचंच आणखी एक पान आहे, १३ फेब्रुवारीचं. १९७० मध्ये त्या दिवशी शुक्रवार होता आणि त्यांची पहिली तबकडी बाजारात आली. पानावर मात्र सगळा भर त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या बोटांवर आहे, आणि तेच योग्य आहे. सतरा वर्षांचा असताना तो बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं यंत्रात सापडली आणि शेंडे गेले. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार सुटली असं सगळ्यांनी सांगितलं. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पकड यावी म्हणून वर चामडं चिकटवलं, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली आणला. हेवी मेटलचा तो जड, खोल आवाज काही अंशी या दुखऱ्या बोटांतून आलाय.

आमच्या छापखान्यात कटिंग मशीनवर जे मामा आहेत (सगळे त्यांना मामाच म्हणतात), त्यांच्या डाव्या तर्जनीचं एक पेर नाही. जुन्या मशीनवर गेलं. रॉकशी त्यांचा काडीचा संबंध नाही, भजनाला पेटी वाजवतात. त्यांना हे पान वाचायला दिलं. उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि विचारलं, “नुसत्या प्लास्टिकवरून तार घसरत असणार. म्हणून चामडं?” मी हो म्हटलं. मग त्यांनी पेटीवर ते तर्जनी वगळून कुठल्या बोटाने कुठली पट्टी घेतात ते टेबलावर वाजवून दाखवलं. असल्या पानांमुळे मला हे कॅलेंडर घरोघरी जावंसं वाटतं. ज्याला सॅबथचं एकही गाणं माहीत नाही त्यालाही त्या तारखेला काय झालं ते कळतं, कारण काम करणाऱ्या हाताची गोष्ट सांगितलीय.

७ मेचं पानही असंच. १९६४, मँचेस्टरमधलं विल्ब्रॅहम रोड हे बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. टीव्हीवाल्यांनी एका प्लॅटफॉर्मचं व्यासपीठ केलं आणि श्रोत्यांना गाडीने आणून समोरच्या प्लॅटफॉर्मवर बसवलं. मध्ये रूळ. सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून आली. पाऊस पडत होता. अंगात चांगला कोट, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार, आणि तिने गाणं सुरू केलं तेही पावसाचंच. वय एकोणपन्नास. चर्चची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवण्याचं काम ही बाई एल्विसच्या आधी कितीतरी वर्षं करत होती. पावसाळ्यात चर्नी रोडच्या प्लॅटफॉर्मवर पुढच्या गाडीची वाट बघताना समोरच्या फलाटावर कोणी असं वाजवायला लागलं तर काय होईल, या विचाराने मला त्या दिवशी गर्दीचाही त्रास झाला नाही.

ही दोन पानं ज्याने लिहिली त्याच्याकडून माझी अपेक्षा वाढली, आणि म्हणूनच पुढचं सांगते.

३ फेब्रुवारी. १९५९ मध्ये या तारखेला अमेरिकेत आयोवा राज्यात क्लिअर लेकजवळ छोटं विमान पडून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ जे. पी. रिचर्डसन गेले. हॉली बावीसचा, व्हॅलेन्स सतराचा. पानावर कारणही नीट दिलंय: कडाक्याच्या थंडीत दौऱ्याच्या बसमधला हीटर चालत नव्हता, ड्रमरचे पाय हिमदंशाने सुजले होते, म्हणून हॉलीने पुढच्या गावी पोचायला विमान ठरवलं. व्हॅलेन्सला जागा मिळाली ती नाणेफेक जिंकून. उत्तम पान. पण त्याखाली अर्धं पान मोकळं आहे आणि त्या मोकळ्या जागेत एक नाव यायला हवं होतं. तबलावादक उस्ताद अल्लारखा ३ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत गेले. दरवर्षी या तारखेला षण्मुखानंदमध्ये त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होतो. झाकीरभाई होते तोवर तेच यजमान असत. पहाटे अंधारात सायनला उतरून लोक रांगा लावतात, आत चहाचा वास, बाहेर पोरं तबल्याच्या पिशव्या छातीशी धरून. मी गेलेली आहे, तुमच्यापैकीही बरेच जण गेले असतील.

कोणी म्हणेल, तबल्याचा रॉकशी काय संबंध? तर बघा. जून १९६७, माँटेरे पॉप महोत्सव, रविवारच्या दुपारी रविशंकर, तबल्यावर अल्लारखा. ऑगस्ट १९६९, वुडस्टॉक महोत्सव, पहिल्या रात्री पावसात रविशंकर, तबल्यावर अल्लारखा. १ ऑगस्ट १९७१, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम, तबल्यावर पुन्हा अल्लारखाच. त्या पिढीच्या रॉक श्रोत्यांनी एवढ्या मोठ्या मैदानांत तबला ऐकला तो यांच्या हातचा. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा ड्रमर मिकी हार्ट यांना गुरुस्थानी मानायचा. बडी हॉलीच्या खाली हे नाव आलं असतं तर बडी हॉलीचं काही कमी झालं नसतं.

१ ऑगस्टच्या पानाबद्दल माझं गाऱ्हाणं जास्त आहे. आम्हा दिनविशेषवाल्यांसाठी १ ऑगस्ट म्हणजे लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती, दोन्ही १९२० च्या. या कॅलेंडरने तिथे १९७१ चा तो कार्यक्रम आणि १९८१ मध्ये सुरू झालेलं एमटीव्ही घेतलंय. निवड बरोबर आहे. कार्यक्रम एकाच दिवशी दोनदा झाला, बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने रविशंकरांच्या सांगण्यावरून काही आठवड्यांत सगळी जुळवाजुळव केली, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार आले, हे सगळं आहे. वाद्यं लावून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि रविशंकरांनी त्यांना हसत म्हटलं की नुसतं जुळवणं इतकं आवडलं तर वाजवणं नक्की आवडेल, तोही प्रसंग आहे. आणि मग वाक्य येतं: ‘रविशंकर व साथीदार’. अहो, साथीदार म्हणजे सरोदवर अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखा! डिलनचं नाव द्यायचं, क्लॅप्टनचं द्यायचं आणि अली अकबरांना ‘व साथीदार’मध्ये ढकलायचं? इंग्रजी मजकुरावरून घाईत घेतलेलं वाक्य असणार. मराठी कॅलेंडरात ते तसं राहायला नको होतं.

वुडस्टॉकच्या पानावर, म्हणजे १५ ऑगस्टला, रविशंकरांबरोबर तंबोऱ्यावर कोण होतं ते दिलेलं नाही. माया कुलकर्णी. चार लाखांच्या आसपास माणसं, चिखल, पाऊस, आणि रंगमंचावर तंबोरा घेऊन कुलकर्णी आडनावाची बाई! मराठी वाचकाला यापेक्षा जवळचा धागा कुठला देणार?

१५ ऑगस्टलाच आणखी एक राहिलंय. १९८६ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झालं, स्वातंत्र्यदिनी. वरून उघडं नाट्यगृह, ऑगस्टचा पाऊस, काळे टी-शर्ट घातलेली पोरं आणि रंगमंचावर आपल्याच शहरांतले बँड. भावाने मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा आईला ‘देशभक्तिपर गाणी आहेत’ असं सांगून नेलं होतं. स्पीकर इतके जवळ की ड्रमचा ठोका कानाआधी बरगड्यांत लागायचा. मागच्या बाजूला पायऱ्यांवर भिजलेली वर्तमानपत्रं डोक्यावर धरून लोक उभे, कोणी हलत नव्हतं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले. ती जागा आता माहीत नसलेली पोरं बेस गिटार शिकताहेत. त्यांच्यासाठी तरी ही नोंद हवी.

आता जानेवारी. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन फोर्टात एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता, सगळे वादक भारतीय, संतूरवर शिवकुमार शर्मा. स्टुडिओ बाहेरच्या आवाजापासून पुरता बंद नव्हता, खालच्या रस्त्यावरची रहदारी आत यायची. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वादन झालं, हॅरिसनचा आवाज पुढच्या महिन्यात लंडनमध्ये भरला, आणि १५ मार्च १९६८ ला ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना, आणि तिचं वादन फोर्टातलं! कॅलेंडरात १५ मार्चचं पान आहे, पण त्यावर तबकडीची फक्त पुढची बाजू आहे. उलटून बघितलंच नाही कोणी.

१९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये वाजवून गेले. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली ती थेट २०१५ मध्ये. ७ एप्रिल २००३ ला ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स वाजले. रविशंकरांचा जन्मही ७ एप्रिलचाच, १९२० चा. कॅलेंडर करणाऱ्याला असा योग जुळलेला मिळणं म्हणजे चैन आहे, पण ते पान दुसऱ्याच कोणाच्या वाढदिवसावर खर्च झालंय. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरी क्रीडा संकुल, मायकेल जॅक्सन, शिव उद्योग सेनेचं आयोजन. रॉकची मंडळी नाक मुरडतील, पण पॉपच्या इतिहासात या शहराची सर्वांत मोठी रात्र तीच. लालबाग-परळच्या चाळींत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पोरं टाचा घासत उलटी चालत होती. हेही नाही. १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर यू-टू हा आयरिश बँड आला, तेही नाही.

मुंबईच्या आसपासचं म्हणून जे आहे ते ५ सप्टेंबरला, फ्रेडी मर्क्युरीच्या जन्मदिवशी. जन्म झांझिबारचा, १९४६ चा, घर पारशी, नाव फारुख बलसारा, शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, तिथेच ‘द हेक्टिक्स’ हा शाळेतला बँड. पान छान आहे. १३ जुलैला लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाच्या पानावर या पानाचा हवाला दिलाय, तोही आवडला: वेम्ब्ली, १९८५, फ्रेडीच्या क्वीन बँडची ती वीस-एकवीस मिनिटं, आणि ‘पाहा: ५ सप्टेंबर’. दिनविशेषात असे हवाले मी पाहिले नव्हते. सगळ्या कॅलेंडरांनी उचलावी अशी पद्धत आहे.

तारखांच्या चुका फार नाहीत, पण ज्या आहेत त्या एकाच जातीच्या आहेत. घटना कधी घडली आणि लोकांना कधी कळली यात गल्लत. मायकेल जॅक्सनने मूनवॉक पहिल्यांदा रंगमंचावर केला त्याला पानावर १६ मे १९८३ तारीख दिलीय. ते प्रक्षेपण. नाच झाला २५ मार्चला, पॅसाडेनात, मोटाउन कंपनीच्या पंचविशीच्या सोहळ्याचं चित्रीकरण होतं तेव्हा. निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनच्या मृत्यूची नोंद ८ एप्रिल १९९४ ला आहे. त्या दिवशी तो घरात मृतावस्थेत सापडला. मृत्यूची तारीख ५ एप्रिल मानली जाते. दोन्ही तारखा ठेवायला हरकत नाही, पण कुठली कशाची ते लिहायलाच हवं. पुण्यतिथी ही तीन दिवस मागेपुढे करायची गोष्ट नव्हे.

माझी भाची कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवते. तिने हे कॅलेंडर एका बैठकीत जानेवारी ते डिसेंबर चाळलं आणि म्हणाली, “मावशी, मुली गातात किंवा मरतात. वाजवत कोणीच नाहीत का?” थार्पचं पान सोडलं तर तिचं खरं आहे. ४ ऑक्टोबरला जॅनिस जॉप्लिन गेली, ते पान आहे. पण २४ मार्च, कॅरल केचा जन्मदिवस, १९३५, तो नाही. साठच्या दशकात लॉस एंजलिसच्या स्टुडिओंमध्ये कुणाच्या तबकडीवर बेस आहे म्हणून शोधायला गेलं तर पुन्हा पुन्हा या बाईचं नाव येतं, बीच बॉइजसकट. भाचीने पेन्सिलीने त्या पानावर ते लिहून टाकलंय आणि मी खोडलेलं नाही.

आता वस्तू म्हणून. कागद मॅट, जाड, दोन्ही बाजूंनी छापलेला आणि शाई पलीकडे दिसत नाही. अक्षर वाचनीय, जोडाक्षरं कुठे फुटलेली नाहीत, याबद्दल ज्याने पानं लावली त्याचं कौतुक. वायरो बाइंडिंग चांगलं आहे, पण वायर एक नंबर लहान वापरलीय. जानेवारीत पानं अडकतात, एप्रिलपर्यंत सरावतात. स्टँडचा पुठ्ठा हलका आहे. पंख्याखाली ठेवलं तर मागे कलतं, माझ्याकडे त्यामागे शब्दकोश उभा केलाय. प्रत्येक पानावर क्यूआर कोड आहे, तो मोबाइलवर धरला की त्या दिवसाचं गाणं उघडतं. बरेच चालतात, काही रिकाम्या पानावर नेतात. आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कोड छापलाय ती पानं माझ्या फोनला वाचताच येत नाहीत. हे छापायच्या आधी एकदा तपासलं असतं तर कळलं असतं. कुरिअरने आलेल्या पहिल्या प्रतीचा कोपरा चेपलेला होता. फोन केल्यावर दुसरी पाठवली आणि पहिली परत मागितली नाही.

चित्रं रेखाटनं आहेत, फोटो नाहीत. हक्कांचा खर्च वाचवला असणार, पण परिणाम चांगलाच झालाय. ८ ऑगस्टचं बघा. १९६९ ला त्या सकाळी इयन मॅकमिलन लंडनच्या अ‍ॅबी रोडवर मधोमध शिडीवर चढला, पोलिसाने गाड्या थांबवल्या आणि दहा मिनिटांत सहा फोटो काढून झाले. जगाने पाहिलेला फोटो बीटल्सच्या चौघांचा आहे. चित्रकाराने मात्र शिडी, मॅकमिलनची पाठ आणि हात वर केलेला पोलीस काढलाय, चौघे दूर, बोटाएवढे. (८ ऑगस्ट १९४२, गवालिया टँक. माझ्या डोक्यात ही तारीख आधी तीच येते आणि पुढेही तीच येईल. पण एका तारखेला दोन खोल्या असू शकतात.) २९ फेब्रुवारीला १९६८ चे ग्रॅमी आहेत, बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला तो दिवस. चार वर्षांतून एकदा उघडणाऱ्या पानाला हे शोभतं. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. खोक्यासारख्या खोलीत हेडफोन लावून, तबकडी ऐकून मग घ्यायची सोय तिथे होती. त्याची एक ओळ तळाला मावली असती.

ज्याला रॉकमधलं सगळं आधीच पाठ आहे त्यालाही मी हे घ्यायला सांगेन, ५ जुलै, १३ फेब्रुवारी आणि ७ मे या पानांसाठी. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तर नक्कीच. आठवी-नववीच्या मुलांना गिटारच्या क्लासला घालताना क्लासच्या फीबरोबर साडेसातशे आणखी घाला आणि हे त्यांच्या टेबलावर ठेवा. नुसती भेट द्यायची म्हणून, उघडून न बघता कोणाला पाठवू नका. ते वाचायचं आहे.

दुरुस्त्यांची यादी मी प्रकाशकांना पाठवली. दोन दिवसांत त्यांचा फोन आला. पुढची आवृत्ती गणपतीनंतर छापायला जाणार आहे आणि मुंबईची पानं घालायला ते तयार आहेत, पण त्यांना प्रत्येक तारखेला कागद हवाय. ते बरोबरच आहे, आठवणीवर तारीख छापू नये. तेव्हा तुमच्यापैकी ज्यांच्याकडे रंगभवनची, ब्रेबॉर्नची, अंधेरीची तिकिटं, हँडबिलं, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींची कात्रणं असतील, त्यांनी तारीख दिसेल असा फोटो काढून पाठवा. नंबर कॅलेंडरच्या मागच्या पुठ्ठ्यावर आहे. कॉलेजच्या मल्हार-मूड इंडिगोत वाजवलेल्या बँडवाल्यांनीही पाठवा, कार्यक्रमपत्रिका असेल तर फारच उत्तम. आलेल्या कागदांवरून नोंदी तपासायला मी बसणार आहे, तसं त्यांच्याशी ठरलंय. रंगभवनचे कागद आधी घेईन.